तिसऱ्या मजल्याचं दार

"आई, ते हे बिघडलंय! मशीन चालूच होत नाही!" भोपूने मोरीतून आरोळी ठोकली. त्याची साधी हाकसुद्धा खालच्या रस्त्यावर ऐकू जाई, म्हणूनच सगळे त्याला भोपू म्हणत.

"ते हे म्हणजे?" त्याच्या आईने, म्हणजे टोचणीच्या आत्याने, पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

"ते गं... झाकणाजवळचं... खुंटीसारखं ते!"

"आपल्या घरात 'ते हे' नावाची एकही वस्तू नाही," आत्या थंडपणे म्हणाली. "रोज वापरतोस आणि साधं नाव माहीत नाही! माणसाला कुणी 'ए ते हे' म्हणून हाक मारली तर चालेल का?"

टोचणी खुदकन हसली. ती भोपूची मामेबहीण, सुट्टीसाठी आत्याकडे राहायला आलेली. बोलणं असं टोचरं की बारशाचं नाव शाळेतल्या बाईसुद्धा विसरल्या होत्या. तिने वॉशिंग मशीनचं झाकण उघडलं, कडेला अडकलेला एक ओला मोजा दोन बोटांत धरून बाहेर काढला आणि भोपूच्या खांद्यावर टाकला.

"हे घे तुझं 'ते हे'! झाकण नीट मिटलं की ते ही खुंटी दाबतं. खुंटी दाबली की आतल्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि वीज पुढे जाते. झाकण उघडलं की पट्ट्या सुटतात आणि मशीन बंद. मोज्यामुळे झाकणच मिटत नव्हतं, शहाण्या!"

"आणि याला म्हणतात काय?" आत्याने विचारलं.

"झाकणाचा स्विच."

"आणि या सगळ्या युक्तीला?"

टोचणीने खांदे उडवले. आता हसायची पाळी भोपूची होती.

"इंटरलॉक," आत्या म्हणाली. ती तंत्रशाळेत विजेचा विषय शिकवायची आणि तिच्या जिभेला तिच्या पक्कडीइतकीच धार होती. "धोक्याची वस्तू उघडी असेल तर यंत्र चालूच होऊ नये, यासाठी घातलेला अडसर. अर्धवट माहितीवर मिरवू नकोस, टोचणे."

टोचणीने नाक मुरडलं. एक आत्या सोडली तर मोठ्या माणसांबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतंच. रोज सकाळी ही माणसं इस्त्री, गिझर, मिक्सर सगळं वापरतात आणि त्यातलं एखादं रुसलं की त्याला दोन थपडा मारून बघतात! थप्पड हे त्यांचं एकमेव अवजार. आणि वर मुलांना म्हणायचं, "हात लावू नकोस, तुला काही कळत नाही!"

कपडे वाळत घालून झाल्यावर तिघं खेळायला निघाली. तिसरी म्हणजे भोपूची धाकटी बहीण मुंगी. ती बोलायची थोडं, पण एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की सोडायची नाही. चौथ्या मजल्यावरून जिन्याने धडाधड उतरताना टोचणी तिसऱ्या मजल्यावर अचानक थबकली आणि मागून आलेला भोपू तिच्यावर आदळला.

"अगं, ब्रेक लावताना सांगत जा की!"

"ते दार बघ," टोचणी कुजबुजली.

इमारतीची लिफ्ट जुनी होती. प्रत्येक मजल्यावर बाहेरून छोटी काच असलेलं एक लोखंडी दार आणि लिफ्टच्या पाळण्याला आतून सरकती जाळी. तिसऱ्या मजल्याचं लोखंडी दार वीतभर उघडं होतं. आणि त्या फटीतून, त्यांच्या डोळ्यांदेखत, लिफ्ट घुंऽऽ आवाज करत वर निघून गेली! मागे राहिला नुसता काळोख आणि हलणारे दोर.

"दोर बघ कसे थरथरतायत!" टोचणी म्हणाली. "सैल झालेत. लिफ्ट कोसळणार! चला, सांगू या!"

खाली दरवाज्याशी अध्यक्षकाका उभे होते. इमारतीच्या मंडळाचे ते अध्यक्ष. चालताना पोट आधी पोचायचं आणि मागून अध्यक्ष. लिफ्टमध्ये लावायला त्यांनी नवा आरसा आणवला होता आणि त्यात बघून ते मिशा सारख्या करत होते. शेजारी लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर उभा. दर वाक्याला चुटकी वाजवून तो "चुटकीसरशी करतो, साहेब!" म्हणायचा, म्हणून मुलांनी त्याचं नाव चुटकीराम ठेवलं होतं.

"काका, लिफ्टचे दोर सैल झालेत! लिफ्ट पडणार आहे!" टोचणी धापा टाकत म्हणाली.

चुटकीराम आधी तिच्याकडे, मग साहेबांकडे बघून खो खो हसला. "बाळ, लिफ्ट एका दोरावर नसते. बरेच दोर असतात. एक तुटला तरी बाकीचे धरतात. आणि लिफ्ट जोरात खाली यायला लागलीच तर पाळण्याखालचे जबडे रुळांना चावा घेतात. पडणार म्हणे!"

"हल्लीची मुलं!" अध्यक्षकाका आरशातूनच म्हणाले. "पुस्तकं वाचायची नाहीत आणि शोध लावायचे! जा, खेळा जा. लिफ्ट मागच्या आठवड्यात दुरुस्त झालीय. तेव्हापासून एकदा तरी अडकली का? नाही ना? मग झालं तर!"

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. टोचणीचे कान लालबुंद झाले. अपमान तर झालाच, पण त्याहून वाईट गोष्ट ही, की दोरांबद्दल तो चुटकीराम बरोबर बोलत होता!

घरी आत्यानेही दया दाखवली नाही. "थरथरतात ते दोर! वजन उचलणारा दोर थरथरणार नाही तर काय झोपा काढणार? आणि लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगने आवळलेला असतो, वीज आली तरच तो सुटतो. वीज गेली की पाळणा जागच्या जागी घट्ट. टोचणे, तू पाहिलंस काय आणि ओरडलीस काय!"

"पण मी पाहिलंय, आत्या!"

"काय पाहिलंस? अंदाज नकोत. डोळ्यांना दिसलं तेवढंच सांग."

टोचणीने डोळे मिटले. "तिसऱ्या मजल्याचं दार वीतभर उघडं होतं. आणि लिफ्ट चालू होती."

आत्याच्या हातातला पेपर खाली आला. "पुन्हा सांग."

"दार उघडं. लिफ्ट चालू."

"तसं होता कामा नये," आत्या सावकाश म्हणाली. "लिफ्टच्या प्रत्येक दाराला असाच एक स्विच असतो. सगळे स्विच एकाच तारेत, एकापुढे एक, साखळीच्या कड्यांसारखे. एक दार उघडं राहिलं की साखळी तुटली, मोटरची वीज गेली, ब्रेक आवळला. तिसऱ्या मजल्याच्या दाराचा हूक झिजलाय, ते नीट लागत नाही. म्हणून तर महिनाभर लिफ्ट सारखी अडकत होती."

"आणि आता अडकत नाही," भोपू म्हणाला. "म्हणजे हूक दुरुस्त झाला."

"हूक दुरुस्त झाला असता तर दार वीतभर उघडं राहिलं असतं का, ढ कुठला!" टोचणी फिस्कारली.

एवढ्यात मोरीतून घर्रर्र आवाज आला. सगळी तिकडे धावली. मुंगीने काय केलं होतं? वॉशिंग मशीनचं झाकण उघडं ठेवून ती खुंटी पेन्सिलीने दाबून धरली होती, आणि आतलं पिंप गरागरा फिरत होतं!

आत्याने झडप घालून प्लग ओढला. "मुंगे! हात गेला असता! पुन्हा करशील?"

"नाही," मुंगी रडवेली होऊन म्हणाली. "पण बघ ना, मशीनला वाटलं की झाकण मिटलंय."

टोचणीने तिच्याकडे बघितलं, पेन्सिलीकडे बघितलं, आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"आत्या! लिफ्टलाही कुणीतरी असंच फसवलंय! हूक बदलायचा कंटाळा आला म्हणून त्या चुटकीरामने तिसऱ्या मजल्याचा स्विचच वगळून टाकला! शेजारून एक तार जोडली की झालं. मग दार उघडं असो की मिटलेलं, लिफ्टला वाटणार की सगळं मिटलेलंच आहे. म्हणूनच ती अडकत नाही!"

आत्याने पायात चप्पल अडकवली. "चला खाली. आत्ताच्या आत्ता!"

सगळ्यांत पुढे टोचणी होती. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचते तो काय, टायपिंगआजी लिफ्टच्या दाराशी उभ्या! आयुष्यभर त्यांनी टायपिंगचा वर्ग चालवला होता, आणि आता त्यांना समोर नुसतं धुरकट दिसायचं. एका हातात काठी, खांद्याला पिशवी. त्यांनी दार ओढलं. दार उघडलं. लिफ्ट आल्याशिवाय जे दार उघडायलाच नको, ते सहज उघडलं! आजींनी काठी पुढे टेकवली.

काठी टेकलीच नाही.

"आजीऽऽ!" टोचणीने उरलेल्या पायऱ्या कशा ओलांडल्या, तिलाच कळलं नाही. तिने आजींच्या पिशवीचा पट्टा धरला आणि सगळा जोर लावून मागे खेचलं. दोघी धाडकन जमिनीवर पडल्या. काठी मात्र आत गेली. बराच वेळ काहीच आवाज नाही. मग खोल खालून, विहिरीतून यावा तसा, ठण्ण आवाज आला.

आजी टोचणीचा हात घट्ट धरून बसून राहिल्या. "मला वाटलं, लिफ्ट आली," त्या एवढंच म्हणाल्या.

टोचणीला काहीतरी खरमरीत बोलायचं होतं. पण ती नुसती आजींचा हात चोळत राहिली.

आत्याने दार ओढून घेतलं, त्याच्यापुढे कचऱ्याचं पिंप उभं केलं, मोठ्या अक्षरांत 'धोका! दार उघडू नका!' असा कागद चिकटवला आणि तडक अध्यक्षांचं घर गाठलं. मुलं मागे होतीच.

"अशक्य!" अध्यक्षकाका चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले. त्यांनी चुटकीरामला बोलावून घेतलं. त्याने तिसऱ्या मजल्यावर जाऊन दार खांद्याने धाडकन ढकललं. हूक त्या धक्क्याने बसला. मग त्याने दार ओढून दाखवलं. "बघा साहेब, उघडतं का? नाही! सगळं ओके! कधीमधी सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम येतो, तेवढंच."

"हूक झिजलाय. दहा वेळा लावलात तर चार वेळा बसणार नाही," आत्या म्हणाली. "लिफ्टच्या मशीनची खोली उघडा, मला आतली जोडणी बघू द्या."

"बाहेरच्या माणसाला परवानगी नाही," चुटकीराम घाईघाईने म्हणाला. घाई जरा जास्तच होती.

"अहो बाई, आजींना दिसत नाही," अध्यक्षकाका सुस्कारा टाकून म्हणाले. "त्यांनीच जोर लावला असेल. आणि काठी म्हणाल तर कुठे विसरल्या असतील. उद्या आरशाच्या उद्घाटनाला सगळे जमणार आहेत, उगाच घबराट नको." आणि त्यांनी तो धोक्याचा कागद टराटरा फाडला!

घरी येताना भोपूसुद्धा हळू आवाजात बोलत होता. "पोट आहे तेवढी अक्कल असती तर!"

"आरसा बसवतायत," टोचणी दात आवळून म्हणाली. "माणूस खाली पडायच्या आधी केस नीट करून घेईल, म्हणून असेल!"

आत्याने लिफ्ट निरीक्षकांच्या कचेरीत फोन केला. उद्या सुट्टीचा दिवस असला तरी दुपारनंतर निरीक्षक येतील, असं उत्तर मिळालं. तोवर तिसऱ्या मजल्यावर आळीपाळीने पहारा करायचा ठरला.

"पण निरीक्षक यायच्या आत त्या चुटकीरामने जाऊन ती तार काढली तर?" टोचणी म्हणाली. "मग तो आहेच, 'बघा साहेब, सगळं ओके!' आणि आपण पुन्हा खोटे! नाही, आत्या. सगळ्यांच्या देखत, अध्यक्षांच्याच बोटाने ते सिद्ध व्हायला हवं. माझ्याकडे बेत आहे."

तिने बेत सांगितला. आत्याने नीट ऐकला आणि एकच अट घातली. "दाराशी मी स्वतः थांबणार. आणि आडवं टेबल लावल्याशिवाय कुणी पाऊल पुढे टाकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली सगळी इमारत जमली. टायपिंगआजींना मुलांनी हाताला धरून जिन्याने आणलं आणि खुर्चीत बसवलं. मुंगी त्यांच्याजवळ उभी राहिली. अध्यक्षकाकांनी लिफ्टमध्ये बसवून झालेल्या आरशाचं इतकं कौतुक केलं की ऐकणाऱ्यांना वाटावं, काच यांनीच घरी भट्टी लावून बनवली. चुटकीराम पाठीशी उभा राहून मान डोलवत होता.

"काका, एक शंका आहे," टोचणी अगदी साळसूदपणे म्हणाली. "काल मी दोरांचं काहीतरी वेड्यासारखं बोलले. माझं चुकलंच."

"चुकतं, चुकतं. लहान आहेस," अध्यक्षकाका खूश झाले.

"पण एखाद्या मजल्याचं दार उघडं राहिलं, तर लिफ्ट चालेल का हो?"

"छे छे!" अध्यक्षकाकांनी हात उंचावला. सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "दार केसभर जरी उघडं असलं, तरी लिफ्ट जागची हलणार नाही! आमची लिफ्ट आहे ती!"

चुटकीरामची मान डोलायची थांबली.

टोचणीने वर तोंड करून हाक दिली, "भोपूऽऽ!"

आणि तिसऱ्या मजल्यावरून तो प्रसिद्ध आवाज गडगडत खाली आला. "लिफ्ट तिसऱ्यावर उभी आहेऽऽ! आतली जाळी लावलीय! बाहेरचं दार सताड उघडंऽऽ! आईने धरून ठेवलंय!"

"ऐकलंत ना, काका? दार सताड उघडं आहे," टोचणी म्हणाली. "आता दाबा की बटण. हलणार तर नाहीच आहे!"

"साहेब, नका..." चुटकीराम पुटपुटला.

पण सगळे बघत होते. अध्यक्षकाकांनी ऐटीत बोट पुढे केलं आणि बटण दाबलं.

घुंऽऽऽ.

"निघालीऽऽ!" भोपू वरून किंचाळला. "दार उघडंच आहे आणि लिफ्ट निघाली! आता इथं नुसता खड्डा आहे, खड्डाऽऽ!"

लिफ्ट संथपणे खाली आली आणि खट्कन थांबली. दाराच्या काचेतून नवाकोरा आरसा चमकला. त्यात अध्यक्षकाकांचा चेहरा दिसत होता, चुन्यासारखा पांढरा.

टायपिंगआजी खुर्चीतून उठल्या. आवाज चढवायची त्यांना गरजच पडली नाही. "त्या खड्ड्यात काल माझी काठी पडली. या मुलीने ओढलं नसतं तर काठीमागे मी गेले असते. तुम्ही म्हणालात, म्हातारी काठी विसरली असेल."

"सॉफ्टवेअरचा..." चुटकीरामने तोंड उघडलं.

"कुठलं सॉफ्टवेअर?" टोचणी कडाडली. "ही लिफ्ट माझ्या बाबांपेक्षा जुनी आहे! हिच्यात स्विच आहेत, तारा आहेत, मोटर आहे आणि तुम्ही शेजारून जोडलेली एक तार आहे! तिसऱ्या मजल्याचा स्विच वगळलात की नाही? सांगा!"

चुटकीरामने चुटकी वाजवायला बोटं जुळवली, पण ती वाजेचना. "साहेबच म्हणाले होते," तो शेवटी कुरकुरला. "काहीही कर, पण लिफ्ट अडकता कामा नये. तक्रारी नकोत म्हणाले."

"मी असं कुठे..." अध्यक्षकाका चाचरले. "मला काय माहीत, त्यात ते... ते हे कसं असतं ते!"

"माहीत नव्हतं ना? मग विचारायचं होतं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि एकच गलका झाला. लिफ्टचा मुख्य स्विच तिथल्या तिथे बंद करण्यात आला. पहिल्यांदाच पायऱ्या चढून घरी निघालेले अध्यक्षकाका पहिल्या मजल्यावरच कठड्याला धरून उभे राहिले. त्यांना पाणी द्यायला कुणी थांबलं नाही. थांबली ती मुंगी, पण तीही फक्त बघायला.

दुपारी निरीक्षक आल्या. उंच, करड्या आवाजाच्या बाई होत्या त्या. त्यांनी चुटकीरामला पुढे घालून गच्चीवरची मशीनची खोली उघडली. नियंत्रण पेटीत दोन स्क्रूंच्या मध्ये लाल तारेचा एक तुकडा होता, बोटाएवढा. लिफ्टच्या तळच्या खड्ड्यात काठी सापडली. मधोमध मोडलेली. बाईंनी दोन्ही वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या आणि अध्यक्षकाकांकडे नुसतं बघितलं. एवढं मोठं पोट इतकं आत ओढलेलं इमारतीने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. लिफ्टला सील लागलं, चुटकीरामचा परवाना बाईंनी काढून घेतला, आणि मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष बदलले.

"ही तार कुणी ओळखली?" बाईंनी विचारलं होतं.

"आम्ही तिघांनी," टोचणी म्हणाली. एरवी ती 'मी' म्हणाली असती. "मी आधी चुकीचंच ओरडले होते. मुंगीने मशीन फसवून दाखवलं, तेव्हा कळलं."

"चुकल्यावर पुन्हा बघायला गेलात ना? इथली मोठी माणसं एकदाही गेली नाहीत," बाई म्हणाल्या, आणि जमलेल्या सगळ्या मोठ्या माणसांना आपापल्या चपला फार बघण्यासारख्या वाटू लागल्या. "एका माणसाचा जीव वाचवलात तुम्ही. शाब्बास!"

आत्याने आपली सगळ्यांत चांगली, लाल मुठीची पक्कड टोचणीच्या हातात ठेवली. टोचणी मान खाली घालून ती पक्कड उघडमीट करत बसली.

सुट्टी संपायच्या आत नवा कारागीर आला. तिसऱ्या मजल्याला नवा हूक आणि नवा स्विच बसला. चाचणीसाठी निरीक्षक बाई पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, "आज परीक्षा मी घेणार नाही. या तिघांनीच घ्यावी."

सगळी इमारत जिन्यात दाटीवाटीने उभी राहिली. टायपिंगआजी नव्या काठीवर हात ठेवून सर्वांत पुढे. लिफ्ट तिसऱ्यावर आणून दारापुढे आडवं टेबल लावलं. भोपूने जाळी लावली, मुंगीने बाहेरचं दार उघडं धरलं आणि आत्याने मुंगीला धरलं. खालून टोचणीने बटण दाबलं. एकदा दाबलं. पुन्हा दाबलं. मग चांगलं दाबून धरलं.

लिफ्ट तसूभरही हलली नाही.

"नाही चालत!" तिसऱ्या मजल्यावरून भोपूची आरोळी आली. "लिफ्ट चालतच नाहीऽऽ! हुर्रेऽऽ!"

आणि जिन्यातल्या तमाम मंडळींनी, ठप्प उभ्या असलेल्या लिफ्टसाठी, हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.